पाठमोरं वाक्य

इंदापूरच्या एसटी स्थानकाबाहेर मी गावी परतल्यावर पहिल्यांदा चहा प्यायला थांबलो, तेव्हा चहावाला माझ्याकडं न बघता वर टांगलेल्या टीव्हीकडं बघायला लागला. मी फक्त ‘साखर कमी टाका’ एवढंच म्हणालो होतो. टीव्ही बंद होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, परत टीव्हीकडं पाहिलं, आणि साखर टाकायचीच विसरला.

माझ्या धंद्यात ओळख मिळते ती अशी. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडून बोललो. मुलांच्या कार्टूनमधली मगर, दोन खलनायक, एक म्हातारा वैद्य, कपड्यांचा साबण. चेहरा कुणी कधी पाहिला नाही. एका किराणा दुकानदारानं तर मला घरी नेऊन, मगरीच्या आवाजात त्याच्या नातवाला दूध प्यायला सांगायला लावलं होतं. नातू दूध प्यायला, पण पुढं आठवडाभर नळाजवळ जाईना, असं कळलं.

पण लोक ज्या आवाजावर वळून बघतात तो एकच. अमेरिकेतल्या एका काळ्या कुटुंबाची ती विनोदी मालिका. नाव लिहीत नाही, करारात तशी अट आहे, आणि वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते एव्हाना कळलंही असेल. टपाल खात्यात नोकरी करणारा बाप, ज्याचा मराठी आवाज माझा, दवाखान्यात नर्स असलेली आई, तीन मुलं आणि बापाला सतत टोमणे मारणारी सासू. एक बैठकीची खोली, एक सोफा, वर जाणारा जिना. बस. मूळ मालिका माझ्या तरुणपणातली. मराठीत आणली तेव्हाच ती जुनी झाली होती, आणि तरी आजही दुपारी दीड वाजता तिचे जुने भाग लागतात.

लोक विचारतात, आपल्याकडच्या माणसांना त्यात एवढं काय दिसतं? मला एक भाग आठवतो. नव्यानं राहायला आलेले शेजारी बापाला हमाल समजतात आणि सामान उचलायला सांगतात. तो काही न बोलता पेटी उचलून आत नेऊन ठेवतो आणि मग सांगतो, मी समोरच राहतो. प्रेक्षक हसतात. तो घरी येऊन सोफ्यावर बसतो, आणि धाकटी मुलगी विचारते, ‘बाबा, तुम्ही गप्प का?’ त्या भागानंतर आम्हाला सोलापूर, सांगली, बीडकडून पत्रं आली होती. हे आमच्याकडंही झालंय, एवढंच बहुतेकांनी लिहिलं होतं. शिवाय तो बाप मुलांचं ऐकून घ्यायचा. चुकला तर मुलापुढं चुकलो म्हणायचा. असा बाप आमच्या पिढीत फारसा कुणी पाहिलेला नव्हता. मीही नाही.

आता थोडं कामाविषयी. डबिंग म्हणजे काय, तर बंद खोलीत उभं राहायचं. समोर पडदा, कानाला हेडफोन, त्यात मूळ नटाचा आवाज. त्याचे ओठ उघडतील तेव्हा आपण बोलायचं, मिटतील तेव्हा थांबायचं. शब्द जुळवणं सोपं असतं. अवघड असतो तो श्वास. तो दम घेतो तिथंच आपणही घ्यावा लागतो, नाहीतर आवाज त्या अंगातून आल्यासारखा वाटत नाही. आम्ही काम सुरू केलं त्याच्या आदल्याच वर्षी बापाचं काम करणारा तो नट वारला होता. हे मला पंधरा-वीस भाग झाल्यावर कळलं. त्यानंतर हेडफोनमध्ये त्याचा श्वास आला की मी अर्धा क्षण आधीच छाती भरून घ्यायचो. गेलेल्या माणसाला दम लागू नये, असं काहीतरी वाटायचं. हसणारे प्रेक्षकही त्याच जुन्या ध्वनिपट्टीतले. त्यांतले किती आज असतील कोण जाणे. आमचं बोलणं नवं, हसणं जुनं.

आणि एक गंमत आमच्यात चालायची. पात्र पाठमोरं असलं की त्याचे ओठ दिसत नाहीत. मूळ संवादात तिथं काही नसलं तरी मराठीत एखादं वाक्य घालता येतं. विनोद नीट कळावा म्हणून, किंवा नुसती जागा भरावी म्हणून. त्याला आम्ही पाठमोरं वाक्य म्हणायचो. ते कागदावर नसायचं. उभ्याउभ्या सुचायचं, बोललं जायचं आणि दुसऱ्या दिवशी विसरलं जायचं. अशी किती वाक्यं मी जगात सोडून दिलीत, मला सांगता येणार नाही.

काम कमी झालं तसा मी मुंबई सोडून इंदापूरला परत आलो. गावच्या वाचनालयानं सत्कार केला, तिथं मी त्या बापाच्या आवाजात चार वाक्यं बोललो, आणि कुणीतरी ती फोनवर पसरवली. पंधरा दिवसांनी फोन आला. बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटीहून मारुती नावाचा माणूस बोलत होता. पस्तिशी-चाळिशीचा असावा. एमआयडीसीत कामाला होता. त्यानं आधी माझ्याकडून दोन-तीन वाक्यं वदवून घेतली.

“काका,” तो म्हणाला, “तुमचा आवाज आमच्या तात्याचा हाय.”

त्याचे वडील बिरूतात्या. घराणं मेंढरांमागं फिरणारं. तात्यांनीही निम्मं आयुष्य कोकणात मेंढरं नेण्या-आणण्यात घालवलं, मग मेंढरं विकून थोडी शेती केली. तीन वर्षांपूर्वी वारले. त्यानंतर केव्हातरी मारुतीच्या आईनं, धुरपदाबाईंनी, दुपारी टीव्हीवर तो आवाज ऐकला, आणि तेव्हापासून रोज दीड वाजता त्या टीव्हीपुढं बसायच्या. घरच्यांना बरंच वाटलं. म्हातारीचा वेळ जातोय.

पण आठ दिवसांपूर्वी एका भागात तो बाप दारात पाठमोरा उभा राहून जिन्याच्या दिशेनं म्हणाला, ‘चल, आवर. मी थांबलोय.’ धुरपदाबाई उठल्या. पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढून नेसल्या, एका फडक्यात चार वस्तू बांधल्या आणि गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या. बिरूतात्या आयुष्यभर कुठंही निघताना काठी घेऊन, दाराकडं तोंड करून, हे एवढंच म्हणायचे. हेच शब्द, याच क्रमानं. त्या दिवसापासून धुरपदाबाईंनी जेवण सोडलं होतं. पाणी आणि थोडं ताक. डॉक्टर येऊन गेले. आजार काही नव्हता. मालकांनी बोलावलंय आणि जायचं तर पोट रिकामं बरं, असं त्या शांतपणे सांगत होत्या.

मी घरातली जुनी टिपणं काढली. त्या भागाचा माझा कागद सापडला. त्यात ते वाक्य नव्हतं. म्हणजे ते पाठमोरं वाक्य होतं आणि मीच कधीतरी घातलेलं होतं. मला ते अजिबात आठवेना.

मारुतीचं म्हणणं सरळ होतं. तुमी या आणि तात्याच्या आवाजात तिला जेव म्हणा. मला ते बरं वाटलं नाही. पण त्या बाईंनी ताट बाजूला सारलं होतं ते माझ्या शब्दावरून. मी दुसऱ्या दिवशी सकाळची बारामतीची एसटी धरली. स्थानकावर मारुती मोटरसायकल घेऊन उभा होता.

कऱ्हाटीत पोचलो तेव्हा दीड वाजत आला होता. मार्च संपत आलेला. दुपारी त्या भागात आवाज असा उरत नाही. कुत्रीसुद्धा सावलीला गप्प पडलेली असतात. स्लॅबचं दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याची पडवी. मारुतीची बायको लता दारातच होती. आम्ही चपला काढत होतो, तोवर आतून आवाज यायला लागला. त्या बापाचा. म्हणजे माझा. मी उंबऱ्याबाहेर उभा, आणि मी आत बोलत होतो, कुणाला तरी समजावत होतो. माझा आवाज मी हजारदा ऐकलाय. पण परक्या घरात, माझ्या आधी आत जाऊन बसलेला, असा कधी ऐकला नव्हता.

धुरपदाबाई खाटेवर होत्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं अंगावर, गाठोडं मांडीवर. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्यात जेमतेम सावली दिसत असावी. मी ‘नमस्कार, आजी’ म्हणालो. त्यांनी सावकाश डोक्यावर पदर ओढून घेतला आणि टीव्हीकडं बघत राहिल्या. मारुतीनं टीव्ही बंद केला. मग खोलीत फक्त पंखा.

येताना मी वाक्य पाठ केलं होतं. ते म्हणालो. “धुरपदा, दोन घास खाऊन घे.”

त्यांनी मान वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता. हसू म्हणावं असंच काहीतरी होतं.

“त्येंनी मला नावानं हाक कधी मारली न्हाय,” त्या म्हणाल्या. “आवाज त्येंचा हाय. बोलताय तुमी.”

मारुतीनं मान खाली घातली. मला चोरी पकडल्यासारखं झालं. मी खरं ते सांगितलं. माझं काम काय, आवाज कसा भरतात, तो नट कोण, ते घर कसं लाकडाचं आणि खोटं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या भोळ्या नव्हत्या, हे मला मुद्दाम सांगायचंय. टीव्हीतला माणूस काळा आहे, परदेशातला आहे, आपला नवरा नव्हे, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. त्यांचं म्हणणं निराळंच होतं. मालक गेले ते त्या घरी गेलेत. तिथं त्यांना बोलायला माणसं मिळालीत. हितं वर्षातले आठ महिने मेंढरांमागं, घरी आले तरी चार शब्द. पोराला कधी जवळ घेतलं नाही. आता तिकडं लेकरांशी तासभर बोलतात, चुकलं तर चुकलं म्हणतात. शिवाय शुद्ध बोलायला लागलेत, हे सांगताना त्या किंचित ठसक्यात बोलल्या.

“तिकडं गेल्यावर शिकले,” त्या म्हणाल्या. “शिकू द्या. उशिरा का हुईना.”

मी म्हणालो, “पण आजी, ते शब्द माझे होते. तुम्हाला बोलावलेलं नाही.”

“तुमाला तरी कुठं ठावं हाय, कुणाचे हुते?” त्यांनी विचारलं. “आठवतंय का, कवा म्हणलात?”

मी बंद टीव्हीकडं बघितलं.

मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तळवा कोरडा आणि गार होता, त्या उन्हातही. “तुमी त्येंचं हिकडं पोचवता न्हवं? मग माझं तिकडं पोचवा. इचारा, आत्ता येऊ का थांबू. त्ये सांगतील तसं करीन. पर त्या घरातनं सांगू द्या. तुमी हितं बसून नगा सांगू.”

तोवर सकाळ-संध्याकाळ वाटीभर पेज घ्यायचं त्यांनी कबूल केलं. त्याहून जास्त नाही.

परत सोडायला मारुतीच आला. बारामती जवळ आल्यावर त्यानं गाडी एका झाडाखाली घेतली आणि म्हणाला, त्या मालिकेचा एक भाग त्याच्या फोनमध्ये आहे. बाप मोठ्या मुलाची माफी मागतो तो. तात्यांनी त्याला लहानपणी एकदा भरल्या बाजारात, सगळ्यांदेखत मारलं होतं. मेंढरू हरवलं म्हणून. ते मेंढरू संध्याकाळी आपलं आपण परत आलं. तात्या त्यावर पुढं कधीच काही बोलले नाहीत. “मी त्यो भाग लावतो कधीकधी,” तो म्हणाला. “डोळं मिटून.”

योग असा, की त्याच महिन्यात वाहिनीनं मला परत बोलावलं होतं. मालिकेचा शेवटचा हंगाम मराठीत यायचा राहिला होता. दुपारचे प्रेक्षक हटत नाहीत म्हटल्यावर त्यांनी तो करायला घेतला. ध्वनिमुद्रण पुण्यात होतं. दिग्दर्शन करणारी रेवती नावाची तिशीतली मुलगी होती, कामाला पक्की. ही मालिका शाळेतून आल्यावर बघतच मी मोठी झाले, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं.

मी जागा शोधत होतो. चौथ्या भागात ती सापडली. बायको माहेरी गेलेली असते. बाप बैठकीतला दिवा घालवतो, पाठमोरा होतो, जिना चढायला लागतो. तिसऱ्या पायरीवर थांबतो. मग वर जातो. मूळ संवादात काहीच नाही. मी रेवतीला म्हणालो, इथं एक वाक्य घेऊ दे, बायकोला उद्देशून. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, “घ्या सर. नंतर बघू.”

वाक्य मी ठरवून ठेवलं होतं. ‘घाई नको. थांब अजून.’ साधं, कुणालाही कळेल असं.

लाल दिवा लागला. पडद्यावर तो जिन्याकडं वळला. हेडफोनमध्ये मूळ पट्टीवरचा त्याचा श्वास आला, सवयीनं मी माझा घेतला, आणि बोललो. बोलून झाल्यावर काचेपलीकडं रेवतीनं मान वर केली.

“सर, ‘ऊन उतरल्यावर ये’ म्हणजे?” तिनं विचारलं. “ती माहेरी गेलीय ना?”

मी ते बोललो होतो, हे मला तिच्या तोंडून कळलं.

तिनं परत लावून ऐकवलं. आवाज माझाच होता. पण वाक्याच्या आधी एक लांब श्वास होता, छातीतून घरघर येत घेतलेला. असा श्वास माइकपुढं घ्यायचा नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. एकतीस वर्षांत मी तो घेतलेला नव्हता. रेवती म्हणाली, वेगळं वाटतंय पण छान आहे, राहू दे. मी बाहेर जाऊन दोन पेले पाणी प्यायलो. त्या दिवशी पुढं आणखी काम झालं नाही. घसा बसला, असं सांगितलं.

भाग लागायला चार आठवडे होते. मी मारुतीला दिवस कळवून ठेवला. काय म्हणालोय ते त्याला सांगितलं नाही. त्याला नाही, कुणालाच नाही. मारुती दर दोन दिवसांनी फोन करायचा. पेज चालू होती. आई वाळत चालली होती. गाठोडं उशाशी होतं.

त्या दिवशी दीड वाजता मी इंदापूरला घरात टीव्हीपुढं बसलो. प्रसंग आला. दिवा गेला, तो वळला, पहिली पायरी, दुसरी, तिसरी. थांबला. वर गेला. वाक्य नव्हतं. लाकडी जिन्याचा आवाज आणि मागं थोडंसं हसू.

मी रेवतीला फोन लावला. तिनं आधी माफी मागितली. वरच्या तपासणीत ते काढायला लावलं होतं, मूळ पट्टीत संवाद नाही म्हणून. तिला वाटलं होतं, एका वाक्याचं काय एवढं. तिचंही बरोबरच होतं.

मग मारुतीला लावला. उचलला नाही. दोनदा, तीनदा. मी घराला कुलूप लावलं आणि मिळेल त्या गाडीनं बारामती गाठली, तिथून कऱ्हाटी. वाटेत मी मनात जुळवत होतो. धुरपदाबाईंना सांगायचं, सांगितलं होतं पण काढून टाकलं. कोण काढून टाकतं, असं त्या विचारणार.

पोचलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. पडवीत लता बसलेली. पुढ्यात धुरपदाबाई, मांडीवर गाठोडं नव्हतं, ताट होतं. ज्वारीची भाकरी कालवणात कुस्करून त्या सावकाश खात होत्या. लुगडं रोजचं होतं.

लतानं मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. आत्या, म्हणजे तिच्या सासूबाई, दीडला बसल्या. ती शेजारीच होती. टीव्हीतला माणूस जिना चढून गेला, काही बोलला नाही, निदान तिला तरी ऐकू आलं नाही. पण आत्यांनी ‘बरं’ म्हणून मान हलवली, गाठोडं सोडलं, वस्तू पेटीत ठेवल्या आणि भाकरी मागितली. लतानं विचारलं, काय म्हणाले? तर म्हणाल्या, ऊन उतरल्यावर ये म्हणालेत.

“तुमी असंच म्हणलावता का, काका?” तिनं विचारलं. “पंखा चालू हुता, मला काय कळलं न्हाय.”

मी हो म्हणालो. वाक्य कापलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. पुढं मारुतीलाही सांगितलं नाही. तो कामावर होता, म्हणून फोन उचलला नव्हता. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं आईला जेवलेली पाहिली आणि माझे पाय धरले. ते मला अजून सलतं.

तो मात्र त्या शब्दांचा अर्थ सांगून गेला. मेंढरं घेऊन निघालेली माणसं दुपारी झाडाखाली थांबतात. पुढचा गडी पुढचा रस्ता बघून यायला जातो, आणि मागच्याला सांगून जातो, ऊन उतरल्यावर ये. मेंढरांना चालवत नाही म्हणून. त्या घरात हे रोजचं बोलणं होतं. मी इंदापूरचा. आमच्याकडं मेंढरं कधीच नव्हती.

याला दोन वर्षं होत आली. धुरपदाबाई आहेत. दुसऱ्या डोळ्याचंही करून घेतलंय. मी मधूनमधून जातो. माझं काम थांबलं. तो शेवटचा हंगाम होता आणि मालिकेचं आता मराठीत यायचं काही उरलेलं नाही. जुने भाग मात्र लागत राहतात. मी दुपारी ते लावत नाही. शेजारच्या घरात लागतात तेव्हा खिडकी बंद करतो.

मागच्या खेपेला मी निघताना त्यांनी मला परत बसवलं. मारुतीनं बांधावर चार डाळिंबं लावलीत आणि यंदा त्यांना फुलं धरलीत, हे मालकांना सांगा, म्हणाल्या. तिकडं जाल तेव्हा.

मी ‘सांगतो’ म्हणालो आणि उठलो. बाहेर अजून ऊन होतं.